चिरुटाच्या डब्यातली भुलाबाई

१७ सप्टेंबर, भाद्रपद पुनव

रुखमे, हे कोणाकडून तरी वाचून घेशील तेव्हा आधी आठव की मी कोण. मी धनी, तुझी थोरली बहीण. पान उलटेपर्यंत विसरू नकोस, दर पानावर नाव सांगत बसायला मला वेळ नाही.

परवा फोनवर काय म्हणालीस? "बाई, आईचं नथीचं गाणं म्हण नं व, लय दिवस झाले." अगं, उन्हाळ्यात अकोल्याच्या दवाखान्यात माझ्या घशातली गाठ काढली तेव्हा उशाशी तूच बसली होतीस. डॉक्टर म्हणाले, बोलणं राहील, गाण्याचं काही सांगता येत नाही. तेव्हा माझ्याऐवजी तूच रडलीस आणि माझ्याच पदराला नाक पुसलंस. आता मलाच गा म्हणतेस! तुला फोनवर काही सांगितलं की ते तुझ्या धनजपर्यंत पोचतच नाही, मधे कारंजालाच उतरून जातं.

म्हणून सारं लिहवून ठेवते. मला अक्षर येत नाही, सून संगीता लिहिते. ती अंगणवाडीत शिकवते, त्यामुळे मी बोलते एक आणि वहीत उतरतं शुद्ध. तुझ्याकडे पाठवेपर्यंत वही माझ्या पेटीत कुलपात राहील, कारण यात मी लोकांविषयी खरं बोलणार आहे.

आज भुलाबाई बसल्या. तुला आठवत नसेल म्हणून सांगते. मातीचे भुलाबाई आणि भुलोजी मांडायचे. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरींनी येऊन गाणी म्हणायची, मग झाकलेला डबा हलवून आत काय खाऊ आहे ते आवाजावरून ओळखायचं. पोरी आल्या. त्यांची पुढारी शेजारची सुकेशनी, सातवीतली, जिभेला धार. गाणी अशी म्हटली जशी मागे कुत्रं लागलंय. मी म्हटलं, थांबा व, आमच्या आईचं नथीचं गाणं सांगते. आणि तोंड उघडलं.

सुकेशनीने मागे वळून पाहिलं. "आजी, दार करकरलं का व?"

साऱ्या पोट्ट्या हसल्या. मीही हसले. मग खाऊ दिला. शेंगदाणे होते, डबा हातात घ्यायच्या आधीच ओळखले.

गाण्याचे शब्द संगीताने उतरून घेतले आहेत, ते कुठे जात नाहीत:

भुलाबाई रुसली, कोठीत जाऊन बसली,
तुरीच्या डाळीत तिची नथ फसली.

पण "नथ" म्हणताना सूर वर चढतो, तिथे गिरकी घेतो आणि मग हळूच खाली उतरतो, ते कसं लिहिणार? तुझ्याकडून तर होतच नाही, तू अर्ध्यातून आरतीत शिरतेस. म्हणजे ती गिरकी आता फक्त माझ्या डोक्यात उरली, आणि डोक्यातून बाहेर यायचा रस्ता डॉक्टरने बंद केला. या कोजागिरीच्या आत कोणा पोरीच्या गळ्यात ती घातली नाही तर आईचं गाणं संपलं.

आज जेवण गेलं नाही. संगीताला सांगितलं, वरणात मीठ जास्त आहे. (नव्हतं. पण ती लिहितेय म्हणून खरं सांगून टाकते.)

१९ सप्टेंबर

सुचलं!

आपल्या लहानपणी दारावर नाथजोगी यायचा, तारेची किंगरी वाजवत. तो तोंडाने काही मागायचाच नाही. किंगरीच म्हणायची, "पीठ वाढ व माय," आणि आई सूप घेऊन बाहेर. मग माझं गाणं किंगरीने म्हटलं तर?

संगीताने मोबाइलवर शोधलं. परदेशातला एक दाढीवाला चिरुटाच्या रिकाम्या डब्याला दांडी ठोकून त्याचं व्हायोलिन करतो आणि मांडीवर उभं धरून वाजवतो. मी म्हटलं, चिरुटाचा डबा तर आपल्याकडेही आहे! आपले जावई गोव्याच्या हॉटेलात आहेत ना, त्यांनी मागच्या दिवाळीला आणला होता. पातळ लाकडाचा, वर मिशीवाल्या साहेबाचं चित्र. मी त्यात पान-सुपारी ठेवते.

मुलगा रवी गॅरेजवरून आला, तेलकट हातानेच डबा उलटापालटा करून पाहिला. "माय, हे काय खेळणं होय? अन् पितृपक्ष लागला. यात कोणी नवं काम काढते का?"

मी म्हटलं, "पितरायसाठीच काढून राह्यली. माही माय काय परकी होती?"

त्याने करवत शोधायला घेतली. संगीता तोंडाला पदर लावून हसली. माझी पान-सुपारी आता तिच्या साबुदाण्याच्या डब्यात आहे. त्यावर ती हसली नाही.

२२ सप्टेंबर

लाकूड मोडक्या खाटेचं. तिची सागवानी पट्टी रवीने तासून डब्याच्या आरपार घातली, ती झाली मान. खुंट्या बाभळीच्या. तारा मोटारसायकलच्या क्लचच्या, वळलेल्या केबलमधून एकेक उलगडून काढलेल्या. दोनच लावल्या. गाणं एक आहे, चार तारांचं करायचं काय? तारा उचलून धरायला मधे माझ्या लाकडी फणीचा तुकडा.

झाकणाला भोकं पाडायची होती. परदेशी माणसाच्या भोकांचा आकार मला आवडला नाही, साप वळवळल्यासारखा. मी कोळशाने दोन कोयऱ्या काढून दिल्या आणि रवीने तापलेल्या सळईने त्या कोरल्या. मिशीवाल्या साहेबाच्या दोन्ही गालांवर एकेक कोयरी आली. भुलोजी दिसतो अगदी.

२५ सप्टेंबर

तारांवर घासायचा गज बांबूचा वाकवला. त्याला केस घोड्याच्या शेपटीचे लागतात. आपल्या बैलाची शेपटी मी मापून पाहिली. पुरत नाही, आणि बैलालाही ते आवडलं नाही.

मग शिरपूरला गेले. तिथे किशनची घोडी आहे, लग्नात नवरदेव मिरवणारी. सध्या लग्नं नाहीत, तुळशीचं लग्न लागेपर्यंत ती नुसती उभी राहून कडबा खाते. किशन म्हणाला, "काकू, शेपूट कापू देनार नाई. नवरदेव पैले घोडीचं शेपूट पायते, मंग नवरीचं तोंड."

मी म्हटलं, "कापतं कोण बाबा? मी विंचरून देतो. गळतीन ते माहे."

आणि बसले विंचरायला. घोडीने आधी कान मागे केले, मग डोळे मिटले, मग चक्क घोरायला लागली. किशनची बायको दारातून म्हणाली, "आमच्या जन्मात आमाले कोणी असं विंचरलं नाई व बाई." मी म्हटलं, ये, बस, तुझेही विंचरते. ती खरंच येऊन बसली. तासभर एकीचे केस, तासभर दुसरीचे. कोणाचे कोणते ते वेगळे ठेवले, गोंधळ नको.

२७ सप्टेंबर

वाजत नाही.

गज तारांवरून असा सरकतो जसं दह्यावरून बोट. रवी म्हणतो तारा ढिल्या. ताणल्या. एक तुटून त्याच्या कपाळाला लागली. तरी वाजत नाही.

चूक कोणाचीच नाही. घोडीचे केस मी शिकेकाईने न्हाऊ घातले, उन्हात वाळवले, खोबरेल चोळलं आणि मग गजाला बांधले. केस म्हटले की तेल लावायचंच ना? संगीता आता म्हणते की मोबाइलवाला माणूस केसांना तेल लावत नाही, उलट झाडाचा चिकट पदार्थ घासतो. "मंग आधी काहून नाई सांगतलं?" तर म्हणे, "आत्याबाई, तुमी तेल लावलं हे मले कुठं मालूम? मले वाटलं तुमी चमकवले."

झाडाचा चिकट पदार्थ म्हणजे डिंक. तो घरात आहेच, बाळंतिणीच्या लाडवांचा उरलेला. उद्या लावते.

२९ सप्टेंबर

डिंक लावला. ढग होते, हवा ओली. गज तारांना चिकटला तो सुटेचना. ओढला तर डबाच माझ्या मांडीवरून उठून आला. तसाच ठेवला. सकाळी पाहते तर मुंग्या. काळ्या, शिस्तीच्या, एका कोयरीतून आत आणि दुसरीतून बाहेर. आत पान-सुपारीच्या काळातली बडीशेप सांडलेली असणार.

सुकेशनी पाहायला आली. "आजी, तुमच्या वायलीनमधी वरात चालली."

मी डबा पदरात गुंडाळून शिरपूरला हीरालाल शेटजींच्या दुकानात गेले. त्यांच्याकडे पूजेच्या सामानापासून जडीबुटीपर्यंत सारं मिळतं. शेटजींनी डबा पाहिला, आधी हळूच फुंकर घालून एकेक मुंगी फुटपाथवर सोडली. जैन माणूस, एकही मरू दिली नाही. गिऱ्हाईक उभं राहिलं. मग म्हणाले, "धनीबाई, डिंक नाही, राळ पाहिजे. टाचांच्या भेगांच्या मलमात घालतात ती. केसांचं तेल सोड्याने काढा, मग राळ घासा."

"तुमाले कसं मालूम, शेटजी?"

"लहानपणी माझ्या मोठ्या भावाला व्हायोलिनचा नाद होता. वडिलांनी पंधरवड्यात सोडवला."

"कसा?"

"ऐकून ऐकून त्यांनी त्याला दुकानाच्या शाखेवर कारंजाला पाठवला."

राळेचा खडा त्यांनी कागदात बांधून दिला आणि जाताना म्हणाले, गाणं बसलं की मला ऐकवू नका.

१ ऑक्टोबर

वाजलं! वाजलं! वाजलं!

संगीता म्हणते एकदा लिहिलं की पुरे. मी म्हटलं, तीनदा लिही.

आवाज कसा? म्हशीला सर्दी झाल्यासारखा. गोठ्यातल्या म्हशीने खरंच उत्तर दिलं. रवी जेवता जेवता उठून बाहेर गेला. पण रुखमे, तो सूर आहे! मी बोट वर सरकवलं की तो वर जातो, खाली आणलं की खाली येतो. माझा गळा माझं ऐकत नाही, हा डबा ऐकतो. मी इतकी हसले की ठसका लागला आणि संगीताला पाणी आणावं लागलं. ती पाठ चोळत होती आणि तिचे डोळे भरले होते. राळेची भुकटी उडते ना, ती डोळ्यात जाते.

४ ऑक्टोबर

रोज सराव. "भुलाबाई रुसली" येतं. "कोठीत जाऊन बसली" येतं. नथीवर अडते.

घरात उंदीर झालाय. मी दुपारी झोपते आणि उठून पाहते तर व्हायोलिन जागेवरून हललेलं. काल पश्चिमेला तोंड करून ठेवलं होतं, उठले तर पूर्वेला. तारासुद्धा ताणलेल्या. रवीला पिंजरा आणायला सांगितलं. संगीता म्हणाली, पिंजऱ्याची काही गरज नाही, उंदीर मी पाहून घेते.

तिच्या डाव्या हाताच्या बोटांना चिरा पडल्यात. पोळ्या करताना तव्याला लागतं म्हणते. लग्न होऊन आल्यापासून पोळ्या करतेय, आणि दरवर्षी माझी गाणीही ऐकतेय, यातलं धड एकही शिकली नाही. (लिही, लिही. थांबलीस कशाला?)

७ ऑक्टोबर

आज पोरींना ऐकवलं. भुलाबाईसमोर पाट मांडून बसले, डबा मांडीवर. पोरी रांगेत. सुकेशनीने आधीच कानावर हात ठेवले.

वाजवलं. पहिली ओळ बरी. दुसरी ओळ, "तुरीच्या डाळीत तिची," आणि नथीवर माझं बोट घसरलं आणि डबा असा किंचाळला, असा किंचाळला, "कीऽऽऽक!" की भुलोजींच्या हातातली मातीची काठी पडली. मग सूर आपोआप खाली उतरला आणि गाणं संपलं.

मी म्हटलं, झालं, उद्यापासून या पोट्ट्या येत नाहीत.

सुकेशनीने कानावरचे हात काढले. "आजी, अजून एकडाव."

पुन्हा वाजवलं, पुन्हा कीऽऽऽक. तिसऱ्यांदा पोरी बरोबर म्हणायला लागल्या. आणि नथीवर आल्या की साऱ्याजणी, मान वर करून, डोळे मिटून, "कीऽऽऽक!" आणि मग अगदी माझ्या आईसारख्या हळूच खाली.

अगं, गिरकी कुठे आहे? गिरकीच्या जागी किंचाळी! मी सांगितलं, बायांनो, ती चूक आहे, ते म्हणायचं नसतं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा किंचाळल्या. खाऊचा डबा हलवायचं विसरून तसंच गात घरी गेल्या.

८ ऑक्टोबर

अजून डोकं दुखतं. पोरी चार घरं पलीकडूनही किंचाळताना ऐकू येतात.

१० ऑक्टोबर

रवीने व्हायोलिन उघडलं. म्हणतो, फणीचा तुकडा डुगडुगतो म्हणून किंचाळतं. त्याखाली चपलेच्या चामड्याची चकती बसवली. मला मात्र अजून धीर होत नाही वाजवायचा.

दुपारी डोळा लागला होता. स्वप्नात आई आली. दिसली नाही, ऐकू आली. नथीचं गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, संथ, आणि नथीवर ती गिरकी. अगदी तीच, चढून, वळून, मग हळूच. किंचाळी नाही. स्वयंपाकघरातूनच येत होती. मी हाक मारली, "माय?" आणि गाणं थांबलं.

उठून गेले. संगीता एकटीच बसली होती, व्हायोलिन पुसत. मी विचारलं, तुला काही ऐकू आलं का? म्हणाली, "नाई व आत्याबाई, तुमाले सपन पडलं असन."

तिच्या हनुवटीला राळ लागली होती. पुसताना लागली असेल. आज हिचं अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आहे म्हणते, तुला वाचायला त्रास होईल.

पण रुखमे, स्वप्न असो की काय असो, मला इतकं हलकं वाटलं, जसं डोक्यावरचं कोणी उतरवून घेतलं. आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. वरणात मीठ बरोबर होतं.

१२ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटून झालं. संध्याकाळी पोरी आल्या. मी म्हटलं, आज दुरुस्त गाणं ऐका. वाजवलं. रवीच्या चकतीने काम केलं. नथीवर सूर चढला, माझ्या म्हाताऱ्या बोटाने गिरकी मारली, अर्धवट का होईना, आणि किंचाळी नाही. मला वाटलं, जिंकले!

सुकेशनी गाणं थांबवून कमरेवर हात ठेवून उभी. "आजी, चुकल्या तुमी. तथी किंचाळा लागते."

"नाई व बाई. माही माय किंचाळत नव्हती."

"नथ डाळीत फसली हाये नं तिची?"

"हो."

"नाकात होती का नथ, तवा?"

इतकी वर्षं गाणं म्हटलं, हा विचार कधी आला नाही. मला वाटायचं, नथ काढून ठेवली होती आणि डाळीत पडली. पण फसली म्हटल्यावर... नाकात असताना फसली असेल, आणि भुलाबाईने नाक वर ओढलं असेल, तर?

"मंग?" सुकेशनी म्हणाली. "दुखलं नसन का? आमी तर किंचाळू."

मी संगीताकडे पाहिलं. ती म्हणाली, "पोट्टीचं बरोबर हाये, आत्याबाई."

मी रवीची चकती उपटून काढली आणि फेकली. मग आम्ही साऱ्या किंचाळलो. मीही. माझ्या घशातून जे निघालं ते किंचाळीला अगदी चालतं, गाण्याला चालत नव्हतं तरी. पोरी म्हणाल्या, आजीचं सगळ्यात भारी. मला पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं. पलीकडच्या गल्लीतल्या पोरी पळत आल्या, कोणाला विंचू चावला म्हणून. त्यांनाही शिकवलं. शिकवलं सुकेशनीने, मी फक्त नथीला तोंड उघडत होते.

आईला हे आवडलं असतं का? नाक मुरडलं असतं आधी. मग कोणी पाहत नाही असं बघून कोठीत जाऊन एकदा किंचाळली असती.

१४ ऑक्टोबर

आज सुकेशनीची आई भांडायला आली. "धनीकाकू, माही पोरगी तुमच्यावानी बोलून राह्यली! शाळेत हजेरी दिली तर मास्तर म्हणे, मागं कोण बुढी बसली?" तिच्या मागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. साऱ्या पोरींचे गळे बसलेत. अंगणवाडीतली लेकरंही घोगरी बोलतात, म्हणजे तिथे कोणीतरी शिकवलं असणार. संगीता म्हणते तिला काही माहीत नाही. शिरपूरच्या बसमध्ये पोरी नथीवर आल्या तेव्हा ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणतात.

मी हात जोडून ऐकून घेतलं. चेहरा कसाबसा सरळ ठेवला. रुखमे, अख्ख्या गल्लीचा आवाज माझ्यासारखा झालाय, आणि साऱ्या गल्लीला आईचं गाणं येतं. आता भांडणाऱ्यांना मी काय सांगू?

परवा कोजागिरी, शेवटचा दिवस. दोन्ही गल्ल्या माझ्याच अंगणात येणार आहेत. म्हणून ही वही आजच्याच बसने कंडक्टरच्या हाती पाठवते. वाचून झाली की लगेच उठ, नाहीतर विसरशील. सुंठ-गुळाच्या वड्या कर, तूप सढळ हाताने घाल, वेलची टाक, आणि उद्या सकाळच्या बसने पाठव. चिवडा नको, शेव नको, तिखट काहीच नको, पोरींच्या घशाला टोचतं. वड्या मऊ ठेव. आणि डबा गच्च भर, हलवला तर आतून जराही वाजायला नको.